नाला वर, जॅकवेल खाली

यमुनेच्या १९५५च्या पुराने दिल्लीत एक विचित्र उलथापालथ केली. पूर ओसरल्यावर वजिराबादच्या पाणीउपसा केंद्रापासून नदीचा प्रवाह पलीकडच्या काठाकडे सरकला. या केंद्राच्या खालच्या अंगाला नजफगढ नाला यमुनेला मिळतो. एरवी त्याचे मैलापाणी प्रवाहासोबत खाली निघून जायचे. नोव्हेंबरात ते उलटे वर चढले आणि शहरासाठी जिथून पाणी उचलत तिथवर आले. केंद्रातल्या कर्मचाऱ्यांच्या हे ध्यानात आले. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीनचे प्रमाण वाढवले. त्याचा गुणही आला: विषमज्वराची वा हगवणीची साथ उसळली नाही. मात्र डिसेंबर उजाडला तशी माणसे पिवळी पडू लागली. जानेवारी १९५६ संपायच्या आत काविळीचे सुमारे २९,३०० रुग्ण झाले.

शुद्धीकरण बंद पडले म्हणून ही साथ आली नव्हती. ते नेहमीपेक्षा जास्त काळजीने चालू होते आणि जिवाणूंपुरते यशस्वीही झाले होते. विषाणू तेवढा त्यातून निसटला.

तो कोणता नव्हता, हे कळायलाच पाव शतक लागले. दिल्लीच्या रुग्णांचे जपून ठेवलेले रक्तद्रव पुढे तपासले गेले; १९८० साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचे संशोधक होते. ही कावीळ ‘ए’ विषाणूची नाही आणि ‘बी’चीही नाही, असे निघाले. आज आपण तिला हिपॅटायटिस ई म्हणतो. धडधाकट माणूस बहुधा काही आठवड्यांत यातून उठतो. पण शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर बाईला हा आजार झाला, तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. नदीत सोडलेल्या मैल्याची किंमत कोण मोजते, ते या आकड्यात दिसते.

विषाणू पाण्यात वाढत नाही, पण तग धरून राहतो. गढूळ पाण्यातल्या कणांना तो चिकटला की क्लोरीन त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही. शिवाय लागण झाल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात. रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा ते पाणी कधीच वाहून गेलेले असते, आणि त्या दिवशी घेतलेला नमुना स्वच्छ निघू शकतो. (करोनाच्या काळात नदीच्या पाण्याची धास्ती अनेकांनी घेतली. त्या विषाणूचे अंश सांडपाण्यात सापडले खरे, पण त्याचे चरबीचे आवरण पाण्यात फार टिकत नाही. भीती बाळगायचीच तर काविळीच्या, पोलिओच्या, नोरोच्या विषाणूची बाळगावी.)

आपल्या गावागावांत पाण्याची रोजची तपासणी कशी होते, ते जवळून पाहावे. जलसुरक्षक टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग, पावडर टाकतो. मग नळाचे पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात ऑर्थोटोल्युडीनचे थेंब टाकतात. पाणी पिवळे झाले की ‘ओटी पॉझिटिव्ह’ अशी नोंद होते. हे काम मोलाचे आहे, ते चुकता कामा नये. पण त्या पिवळ्या रंगाने पाण्यात क्लोरीन उरला आहे एवढेच कळते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात उर्वरित क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा असे म्हटले आहे; विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तर मात्र ०.५. गढूळपणा अगदी कमी हवा, आणि क्लोरीनला पाण्यात अर्धा तास मिळायला हवा. नदी पावसाळ्यात लाल होते, टाकी भरताच पाणी सोडावे लागते, तिथे हा अर्धा तास कुठून येणार?

दिल्लीत निदान नाला खाली होता. तो वर चढायला पूर यावा लागला. आपल्याकडे महाराष्ट्रात ही अपघाताची स्थिती नेहमीची व्यवस्था होऊन बसली आहे. कोल्हापूरचे सांडपाणी जयंती नाल्यातून पंचगंगेत येते आणि खाली इचलकरंजी त्याच नदीवर आहे. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसे गेली. पुण्याचे मुळा-मुठेतले पाणी भीमेतून उजनीत जाते, आणि उजनीवर सोलापूर तहान भागवते. उजनीचा जलाशय मोठा आहे. तिथे पाण्याला वेळ आणि ऊन मिळते, म्हणून बरेचसे निभावते. पंचगंगेला तेवढी उसंत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे नोंदवले, त्यांतले ५३ महाराष्ट्रात होते, सर्व राज्यांत जास्त.

साथ आली की रिक्षा फिरते: पाणी उकळून, गाळून प्या. सल्ला खरा आहे. उकळी फुटली की विषाणू मरतो. पण वरच्या शहराने टाळलेला खर्च खालच्या शहरातल्या गृहिणीच्या सिलिंडरवर टाकणे हा अन्याय आहे, आणि ज्या घरात सिलिंडर पुरवून वापरतात तिथे तो जिवावर बेततो. मैलाशुद्धीकरण प्रकल्पातून बाहेर पडणारे पाणी निर्जंतुक करूनच सोडणे, नाले उपशाच्या जागेच्या वरून नदीत न सोडणे, नदी गढूळ असताना उपसा थांबवता येईल एवढा साठा बांधणे, ही कामे शहरांची आहेत आणि ती करता येण्यासारखी आहेत.

तेव्हा पुढच्या वेळी तुमचा नगरसेवक दारात आला, तर त्याला तीन गोष्टी विचारा. आपल्या जॅकवेलच्या, म्हणजे नदीतून पाणी उचलण्याच्या विहिरीच्या, वर पहिला नाला किती अंतरावर मिळतो? आपल्या पाण्यात क्लोरीन किती मिनिटे राहतो? आणि आपले सांडपाणी खाली कोणत्या गावाला प्यावे लागते? उत्तरे लेखी मागा.