कावळा उडाल्यावर

माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे आणि फावल्या वेळात कोड गोल्फ खेळतो. गोल्फमध्ये कमी टोल्यांत चेंडू खळीत घालणारा जिंकतो. इथे दिलेलं कोडं कमीत कमी बाइटांच्या प्रोग्रॅमनं सोडवणारा. गेल्या दिवाळीत सांगलीला आला तेव्हा तीन तास एकाच ओळीवर बसून होता. फराळाची बशी तशीच. मग एकदम ओरडला, "मामा, एक्केचाळीसचे अडतीस केले!"

मी चौतीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. मला हसूच आलं. आमच्या वैयाकरणांची ख्याती हीच, की अर्धी मात्रा वाचली तरी त्यांना घरात मुलगा झाल्याचा आनंद. ही गोष्ट परिभाषेन्दुशेखरात नोंदवणारा नागेशभट्ट काशीत राहिला, पण आडनावानं काळे, म्हणजे आपलाच.

भाच्याच्या उत्तराच्या डोक्यावर एक ओळ होती: भाषेचं नाव, स्वल्पविराम, बाइटांचा आकडा. 41 वर काट मारून पुढे 38 लिहिले होते.

"ही ओळ धरून अडतीस?"

"छे, ती प्रोग्रॅममध्ये नाहीच. ठरल्या साच्यात लिहिली की दुसरा एक छोटा प्रोग्रॅम सगळ्यांच्या या ओळी वाचतो आणि क्रमवारी लावतो. कुणी हौसेनं आकडा अक्षरी लिहिला तर तो यादीतून गायब." मग त्यानं एक भांडण सांगितलं. पर्ल ही भाषा चालू करतानाच तिला 'पी' हा स्विच दिला, की ती आपणहून एकेक ओळ वाचते आणि छापते. प्रोग्रॅममध्ये तेवढं लिहायचं वाचतं. आता हा स्विच उत्तराचा भाग की बाहेरचा? आधी त्याचेही बाइट मोजत. पुढे ठरलं, मोजायचे नाहीत, पण स्विचसकटची पर्ल ही वेगळीच भाषा समजायची.

मी चहाचा कप खाली ठेवला. हे भांडण मला पाठ होतं.

धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, 'करणे' या अर्थाचा धातू नुसता 'कृ' नाही, 'डुकृञ्' आहे. पुढचा डु आणि मागचा ञ् हे अनुबंध. शब्द घडताना ते गळून पडतात. 'करोति'त ना डु दिसतो ना ञ्. दरवर्षी नववीतलं एखादं पोर विचारायचंच, "सर, काढायचंच होतं तर लावलं कशाला?" ञ् सांगतो की धातू उभयपदी आहे, करोति आणि कुरुते दोन्ही चालेल. डु सांगतो की याला 'क्त्रि' हा प्रत्यय घेण्याची मुभा आहे. त्या क्त्रीला पुढे मकार जोडला की होतो 'कृत्रिम'. भाचा दिवसभर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गप्पा मारतो. त्यातल्या कृत्रिमाचा परवाना या डुमध्ये आहे म्हटल्यावर त्यानं दिवाळीत पहिल्यांदाच लॅपटॉप मिटला.

पतंजलीनं महाभाष्यात प्रश्न घातला: हे अनुबंध एकान्त, म्हणजे ज्याला लागले त्याचे अवयव, की अनेकान्त, बाहेरचे? दाखला कावळ्याचा. देवदत्ताचं घर कुठलं, तर तो कावळा बसलाय ते. कावळा उडाला की घर हरवलं. पण निदान आळी तरी कळलेली असते! वेदान्त्यांनी हाच कावळा पार ब्रह्मापर्यंत नेला. जग ज्यातून उपजतं आणि ज्यात विरतं ते ब्रह्म, ही झाली बाहेरची खूण, तटस्थ लक्षण. सत्य, ज्ञान, अनंत हे स्वरूप. मला ही वाटणी नेहमीच जरा सोयीची वाटत आली आहे. न परवडणारं सगळं कावळ्याच्या खात्यावर टाकलं की घर कोरं राहतं. पतंजलीचा कौल मात्र शेवटी एकान्ताच्या बाजूनं आहे: खूण अवयवच. कृत्रिमातला डु पाहिला की मलाही तसंच वाटतं.

वाटायचं, असं म्हणायला हवं. कारण त्यानंतर दोन महिन्यांनी बाबांचं वर्षश्राद्ध झालं. श्राद्धात प्रत्येकाची नोंद साच्यातलीच: नातं, नाव, गोत्र, रूप. वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप. बाबा होते तोवर आजोबा वसुरूप होते. बाबा गेले आणि आजोबा एक पायरी वर सरकले, आजोबांचे आजोबा यादीतून सुटले. मेलेल्या माणसाच्या नावापुढेही काट मारून नवा आकडा लिहिला जातो! मग ते रूप आजोबांचा अवयव कसं?

गुरुजी नवे, तरुण होते. बाबांच्या नावापुढे ते घाईत 'रुद्ररूप' म्हणून गेले. तोवर दादाच्या अंगठा आणि तर्जनीच्या मधून तिळांचं पाणी सुटलं होतं, ताम्हनात चार काळे तीळ तरंगत होते. दादानं हात तसाच धरून म्हटलं, "गुरुजी, वसुरूप." गुरुजी कानापर्यंत लाल झाले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

जेवताना मी दादाला डिवचलं, "भात तोच, तीळ तेच, बाबाही तेच. काय अडलं होतं?"

"अडलं कसं नाही? मनीऑर्डर आजोबांच्या नावावर गेली असती."

"आजोबांनी बाबांना दिली असती."

"आजोबांनी?" दादा म्हणाला, आणि आम्ही दोघंही आजोबांना ओळखत असल्यामुळे हसलो.

त्याआधी काकबळीचं पान मीच गच्चीच्या कठड्यावर ठेवून आलो होतो. वरणभात, वडा, चमचाभर खीर. बराच वेळ काही नाही. मग शेजारच्या टाकीवरून एक कावळा आला, मान तिरकी करून पानाकडे पाहिलं, वडा उचलला आणि कुणाचं श्राद्ध, कुठलं रूप, काही न विचारता समोरच्या सोसायटीच्या अँटेनावर जाऊन बसला. तिथून तो उडेपर्यंत मी ती इमारत पाहत उभा होतो.