जुनं म्हणजे जीर्ण नव्हे



आजचं चिंतन गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या २२व्या श्लोकावर. माणूस जीर्ण वस्त्रं टाकून नवी घेतो, तसाच देही जीर्ण शरीर सोडून नव्या शरीरात जातो, असा त्याचा भाव. घरात कुणी गेलं की बाराव्या-तेराव्याच्या प्रवचनात हा श्लोक हमखास ऐकू येतो. आणि हल्ली मोबाईलचा सेल लागला की ऑफिसातही ऐकू येतो! "भगवंतच म्हणालेत ना, जुनं टाका, नवं घ्या," असं हसत म्हणायचं आणि बारा हप्ते बांधून घ्यायचे.

विनोद म्हणून ठीक आहे. पण शब्द नीट बघा. टाकायचं ते 'जीर्ण'. श्लोकात जुनं टाका असं कुठेही नाही. उलट दोनच श्लोक आधी, २०व्यात, भगवंत आत्म्यालाच 'पुराण' म्हणतात. पुराण म्हणजे प्राचीन, जुना. म्हणजे जुनं असणं हा दोष नाहीच! जुनेपण ही वयाची गोष्ट झाली. जीर्ण म्हणजे ज्याच्याकडून आता काम होत नाही ते. आणि शेजाऱ्याला नवं शरीर मिळालं म्हणून कुठला देही आपलं धडधाकट शरीर सोडत नाही.

आपल्या आज्यांना हे बरोबर कळलं होतं. लुगडं जीर्ण झालं तरी ते फेकलं जात नसे, त्याची गोधडी व्हायची. गोधडी विरली की पायपुसणं. टाकण्याआधी वस्तूला शेवटपर्यंत काम द्यायचं, हीच तिची कदर.

मग हातातला फोन जुना आहे की जीर्ण, हे कसं ओळखायचं?

चार्ज टिकत नाही? बॅटरी झिजणारच, तो तिचा देहधर्म आहे. काही शे वेळा चार्ज झाली की तिची ताकद उतरायला लागते. पण बॅटरी जीर्ण झाली म्हणून फोन जीर्ण होत नाही. माझा फोन सहाव्या वर्षात आहे. गेल्या वर्षी तो दुपारीच मान टाकायचा. चांगल्या दुकानातून बॅटरी बदलून घेतली, आता रात्रीच्या हरिपाठापर्यंत टिकतो. बॅटरीला उष्णता सोसत नाही, म्हणून उशीखाली ठेवून चार्जिंग नको आणि उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवरही नको. रोज शून्यापर्यंत उतरवून शंभरापर्यंत चढवण्यापेक्षा वीस ते ऐंशी टक्क्यांत ठेवली तर ती जास्त जगते.

फोन हळू झालाय? आधी स्टोरेज बघा. पाच ग्रुपवर आलेले तेच तेच 'शुभ सकाळ'चे विठ्ठल प्रत्येकी पाचदा साठले असतील. पांडुरंग एकच आहे, एक फोटो पुरे!

चार्जरची पिन नीट बसत नाही? बरेचदा त्या खाचेत खिशातला कापूस अडकलेला असतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच काढा.

आता खरी कसोटी. सेटिंग्जमध्ये जाऊन शेवटचा सिक्युरिटी अपडेट कधीचा आहे ते बघा. कंपनीने अपडेट कायमचे थांबवले असतील, तर त्या फोनवर बँकेचे आणि यूपीआयचे व्यवहार धोक्याचे. तिथे मात्र फोन खरोखर जीर्ण झाला. मग मनात अपराधीपणा न ठेवता बदला. सोडायची वेळ आल्यावर चिकटून राहू नये, हेही हाच श्लोक शिकवतो.

इथे एक बोचरी गोष्ट बोलतो. आपल्यातले बरेचजण म्हणतात, "जुना आईला देईन, तिला कुठे काय लागतं?" अरे, जो फोन तुला सुरक्षित वाटत नाही, त्याच्यावर आईचं पेन्शनचं खातं ठेवणार? जीर्ण असेल तर तो तिच्यासाठीही जीर्णच. आणि तिच्यासाठी चांगला असेल, तर तुझ्यासाठी का नाही?

खरा प्रश्न फोनचा नाहीच. सोळाव्या अध्यायात, १३व्या श्लोकात, आसुरी वृत्तीचं एक लक्षण येतं: हातात आलेल्यावर न थांबता लगेच पुढचा मनोरथ रचणं. याउलट बाराव्या अध्यायातला भक्त मिळेल त्यात संतुष्ट असतो. नवा फोन घेणारा प्रत्येकजण आसुरी, असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण हप्ते संपायच्या आत पुढच्या मॉडेलचे व्हिडिओ बघायला लागलो, तर मन कुठल्या अध्यायात बसलंय ते आपलं आपल्याला कळतं.

या मनोरथाची किंमत फक्त आपण भरत नाही. बॅटरीतला कोबाल्ट जगात सर्वांत जास्त काँगोच्या खाणींतून येतो, आणि तिथे लहान मुलं राबल्याच्या नोंदी आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा झाला. त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. म्हणून फोन सोडायचाच झाला तर त्यातली माहिती पुसून अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. घरच्या कचऱ्यात टाकू नका, दबलेली बॅटरी पेट घेते.

आजचा अभ्यास: आज रात्री जपाला बसण्याआधी फोन मऊ कापडाने पुसा, नको ते फोटो काढून टाका आणि अपडेटची तारीख बघा. मग स्वतःला एवढंच विचारा: जीर्ण काय झालंय, फोन की माझं समाधान? समाधान जीर्ण झालं असेल तर त्याची दुरुस्ती कुठल्याच दुकानात होत नाही. ती नामातच होते.

राम कृष्ण हरी!