करडाच्या अंगातली चरबी

शांत बसा. श्वास जसा चालतो तसा चालू द्या, आणि मनासमोर एक करडू आणा. संगमनेरी शेळीचं, नुकतंच जन्मलेलं. जागा निफाडजवळचा मळा, महिना डिसेंबर, वेळ पहाटेची. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात या दिवसांत पारा कधी कधी दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो. थोड्या वेळापूर्वी हे करडू आईच्या पोटात 39 अंशांच्या उबेत होतं. आता ते ओलं आहे, अंगाला वारा झोंबतो आहे, पोटात काही नाही. तरी ते उठू पाहतं.

एवढी ऊब त्याच्याजवळ आली कुठून?

उत्तराची घाई करू नका. मनानेच तळवा त्याच्या पाठीवर ठेवा, शेवटच्या बरगडीच्या थोडा मागे. आत मूत्रपिंडं आहेत आणि त्यांच्याभोवती तपकिरी चरबीचं वेष्टन आहे. नवजात कोकरांमध्ये ही चरबी वजनाच्या साधारण दोन टक्के भरते, आणि जन्मानंतरच्या पहिल्या तासांत अंगातली जवळजवळ निम्मी उष्णता तिच्यातून येऊ शकते. तिच्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया खच्चून भरलेले असतात. त्यांतल्या लोहामुळे ती तपकिरी दिसते. थर्मोजेनिन नावाचं एक प्रथिन तिथे आहे. त्याच्यामुळे चरबीतली ऊर्जा दुसऱ्या कशात न गुंतता थेट उष्णता होते. डुकराच्या पिलांना ही सोय नाही, कारण थर्मोजेनिन बनवणारा जनुक त्यांच्या पूर्वजांतच मोडला. ती कुडकुडतात आणि एकमेकांना बिलगून पडतात.

या मूठभर चरबीपाशी थोडं रेंगाळा. चारा, पाला, आईचं रवंथ, तिचे गाभणपणाचे पाच महिने, सगळं त्यात उतरलेलं आहे. आई उपाशी राहिली असेल तर हे वेष्टन पातळ असतं.

काही आठवड्यांत तपकिरी चरबी पांढरी होत जाते. आपण तिला साठा समजतो, कणगीतलं धान्य जसं. शास्त्रही बराच काळ तसंच समजत होतं. मग 1994 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने उंदरांमध्ये एक जनुक शोधला. त्या जनुकावरून चरबीच्या पेशी लेप्टिन हे संप्रेरक बनवतात आणि ते रक्तातून मेंदूपर्यंत जातं. असं काहीतरी रक्तातून फिरत असलं पाहिजे, हे डग्लस कोलमन यांनी त्याआधी दोन दशकं उंदरांवरच्या प्रयोगांतून ताडलं होतं. पुढे ॲडिपोनेक्टिन आणि इतर संप्रेरकं सापडली. चरबी ही थायरॉइडसारखीच अंतःस्रावी ग्रंथी ठरली. मला या शोधाबद्दल मनापासून आदर वाटतो, कारण ज्या भागाकडे सगळे ओझं म्हणून पाहत होते, त्याचं म्हणणं कुणीतरी ऐकून घेतलं.

आता करडू बाजूला राहू द्या. सिन्नरच्या गोठ्यातली एक संकरित कालवड डोळ्यांपुढे आणा. ती माजावर कधी येणार, हे नुसत्या वयावर ठरत नाही. मेंदू वाट पाहतो. अंगात पुरेसा साठा आहे, गर्भ पेलेल, एवढी खबर लेप्टिनकडून पोचावी लागते. लेप्टिन एकटं माज आणत नाही. ते फक्त वाट मोकळी करतं. म्हणूनच जाणकार कालवड भरवण्याआधी वय विचारतात तसं वजनही विचारतात, आणि संकरित कालवडीसाठी अडीचशे किलोच्या आसपासचा आकडा सांगतात. इगतपुरीच्या धुवाधार पावसात चरणारी डांगी कालवड याहून बरीच उशिरा वयात येते. डोंगरचारा बेताचा असतो, म्हणून तिचं शरीर घाई करत नाही. तिच्या त्या सावकाशीला दोष देऊ नये असं मला वाटतं.

घाई माणूस करतो. वयात येण्याआधी कालवडीला भरमसाट खुराक दिला की ती गुबगुबीत दिसते, बघणारा कौतुक करतो. पण त्याच वयात तिच्या कासेत दूध बनवणाऱ्या ऊतींची जडणघडण चाललेली असते. अतिखुराकाने ती लवकर माजावर येते आणि कास घडण्याचा काळ आखडतो. कासेतली चरबी वाढते, दूध बनवणाऱ्या ऊती त्या मानाने कमी राहतात. तिथल्या लेप्टिनचाही यात हात असावा असं काही अभ्यासकांना वाटतं. नुकसान दिसतं ते दोन वर्षांनी, बादलीत.

पुन्हा एक श्वास घ्या. कमी चरबी असेल तर शरीर थांबतं, फार झाली तर कास अधुरी राहते. या दोहोंच्या मधली जागा हाताला कळते. पाठीच्या कण्यावरून बोटं फिरवा, माकडहाड चाचपा, दर महिन्याला छातीचा घेर फितीने मोजा.

आणि या हिवाळ्यात तुमच्या गोठ्यात करडू जन्मलं तर आधी त्याला गोणपाटाने कोरडं करा, वाऱ्याच्या आड ठेवा आणि पहिल्या तासातच चीक पाजा. तपकिरी चरबीचं इंधन थोडंच असतं, आणि चिकाशिवाय ते फार वेळ पुरत नाही.