चाड्यावरची मूठ

'ब्रॉडकास्ट' हा शब्द रेडिओवाल्यांनी शेतकऱ्यांकडून उचलला. 'ब्रॉड' म्हणजे रुंद, 'कास्ट' म्हणजे फेकलेलं. अठराव्या शतकातल्या इंग्रजीत मूठमूठ बी रानभर उधळून पेरण्याला हा शब्द होता. 1920 च्या आसपास बिनतारी यंत्रातून एकाचा आवाज एकाच वेळी हजारोंना ऐकू येऊ लागला, तेव्हा त्यालाही हेच नाव चिकटलं. 1927 मध्ये मुंबईत 'इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी'चं केंद्र सुरू झालं. आता तुमच्या-माझ्या व्हॉट्सॲपमध्ये 'ब्रॉडकास्ट लिस्ट' आहे.

मराठीत याला फोकून पेरणं म्हणतात. मेथी, कोथिंबीर फोकून पेरली तर चालते. ज्वारीचं तसं नाही. आमच्या हदगावकडे ट्रॅक्टरचं पेरणीयंत्र येण्याआधी ज्वारी तिफणीनं पेरायचे. चाड्यावर मूठ धरायला बहुतेक वेळा बाई असायची. बैलांच्या चालीबरोबर बोटांच्या फटीतून बी सोडायचं, ना दाट ना विरळ. खालच्या तीन नळ्यांतून ते तीन ओळींत पडायचं. आठवडाभरात उगवण झाली की कुणाची मूठ कशी होती ते येणाऱ्या-जाणाऱ्याला बांधावरून दिसायचं. फोकलेल्या बियाचा असा हिशोब लागत नाही. कुठला दाणा कुठल्या मुठीतला, कोण सांगणार?

1 जुलै 2018, रविवार, बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं ती. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज त्या दिवसांत मोबाइलवरून फिरत होते. मारणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. पण तो मेसेज त्या आधी ज्यांनी ज्यांनी पुढं पाठवला, त्यांचं काय?

बातम्यांत आपण वाचतो, 'अफवा पसरली.' या वाक्यात कर्ताच नाही. अफवा जणू आपली आपण पसरते, पाण्यासारखी. मराठीत 'पसरवणे' असं वेगळं क्रियापद आहे, त्याला कुणीतरी करणारा लागतो. पण ते आपण दुसऱ्यांसाठी राखून ठेवतो. गंमत म्हणजे 'पसरणे' आणि 'प्रसार' दोन्ही एकाच संस्कृत धातूतून आले: 'प्र' म्हणजे पुढे, 'सृ' म्हणजे सरणे. पुढं सरकणं. म्हणजे फॉरवर्डच.

माझा एक मित्र म्हणतो, "मी लिहिलं नाही, मी फक्त पुढं ढकललं." त्याचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. ज्यानं खोटं रचलं आणि ज्यानं काठी उचलली, त्यांच्या रांगेत त्याला उभं करणं अन्याय होईल. पण बी आपण तयार केलेलं नसलं तरी मूठ आपण उघडतो. आणि ते कुठं पडणार हे ठाऊक नाही, ही सबब कशी होईल? मला तर ते जास्त जपण्याचं कारण वाटतं. तिफणीवाल्या बाईला निदान ओळ समोर दिसायची.

त्याच जुलैमध्ये व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. उपाय बरा होता. पण पाच जणांनी पाच-पाच जणांना पाठवलं की काय होतं, ते सांगायला गणिताचे सर नकोत.

मग खात्री झाल्याशिवाय काहीच पाठवू नये का? हेही मला पटत नाही. पैनगंगेला पाणी चढतं तेव्हा पूल पाण्याखाली गेल्याची बातमी खात्री करत बसलो तर कुणाची तरी गाडी तोवर पुलावर पोचलेली असेल. रक्त हवं असतं तेव्हाही तसंच. उशीर करण्यातही दोष असतोच.

म्हणून मी आता पावसाळ्यात एवढंच करतो: फोटो तसाच ढकलत नाही. कुणी पाहिलं, किती वाजता, मी त्याच्याशी फोनवर बोललो की नाही, हे खाली स्वतः टाइप करतो. दोन ओळींचं काम. बहुतेक वेळा लगेच कुणीतरी विचारतं, "आता किती पाणी आहे?" मग मला परत फोन लावावा लागतो.