प्रसादातला गहू : प्रतिनिधिद्रव्य, शुद्धी आणि सीलिॲक रुग्णाची न्याहारी

सत्यनारायणाच्या पूजेचा प्रसाद म्हणजे सव्वा मापाने घेतलेला रवा, तूप, साखर, दूध आणि केळे यांचा शिरा, हे समीकरण महाराष्ट्रात इतके रूढ झाले आहे की रव्यावाचून हा प्रसाद होऊ शकेल, असे सहसा कोणाच्या मनातही येत नाही. त्यातच कथेतील कलावती प्रसाद टाकून पतीच्या भेटीला धावते आणि पतीसह नौका दिसेनाशी होते. तुंगध्वज राजा गोपांनी दिलेला प्रसाद न घेता निघून जातो आणि पुत्र व संपत्ती गमावतो. प्रसादाचा अव्हेर हा कथेतला सर्वांत मोठा अपराध आहे. मग ज्याच्या शरीराला गव्हाचा कणही सोसत नाही, अशा श्रद्धावानाने हातावर आलेल्या शिऱ्याचे काय करावे, हा प्रश्न केवळ आहारशास्त्राचा राहत नाही. विधीतील द्रव्य विधीला कितपत अनिवार्य असते आणि खाणाऱ्याच्या शरीराला त्या विधीत काही स्थान असते की नाही, हा जुना शास्त्रीय प्रश्नच येथे नव्या रूपात उभा राहतो.

सीलिॲक हा गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लूटेन नावाच्या प्रथिनसमूहामुळे उद्भवणारा विकार आहे. तो ॲलर्जी नव्हे, किंवा पचनशक्ती मंद असल्याचे लक्षणही नव्हे. आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्या व्यक्तीच्या पोटात ग्लूटेन गेले की तिची स्वतःची रोगप्रतिकारयंत्रणाच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते आणि अन्नरस शोषून घेणारे केसासारखे सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात. त्यातून रक्तक्षय, हाडांची ठिसूळता, मुलांची खुंटलेली वाढ असे परिणाम संभवतात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा अशी मुले सुधारतात आणि पाव पुन्हा मिळू लागताच ढासळतात हे विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाच्या ध्यानी आले आणि 1950 मध्ये त्याने आपल्या प्रबंधात गव्हाचा हा संबंध मांडला. उपचार आजही तोच आहे : जन्मभर ग्लूटेन वर्ज्य करणे. ‘जिभेवर एक कण तरी ठेवावा’ हा घरातील वडीलधाऱ्यांचा प्रेमळ आग्रह म्हणूनच निरुपद्रवी नसतो. चमचाभर शिऱ्यात चार ग्रॅम रवा धरला, तरी त्यात सुमारे तीनशे ते चारशे मिलिग्रॅम ग्लूटेन असते आणि रोज पन्नास मिलिग्रॅम इतके ग्लूटेनही तीन महिन्यांत आतड्याला इजा करू शकते, असे अभ्यासांत आढळले आहे. ग्लूटेनमुक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थास भारतातही किलोमागे वीस मिलिग्रॅम ही मर्यादा आहे.

आश्चर्य असे की स्कंदपुराणाच्या रेवाखंडातील म्हणून सांगितल्या जाणाऱ्या सत्यनारायणकथेतच या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. नैवेद्याची द्रव्ये सांगताना कथा केळे, तूप, दूध आणि गव्हाचे पीठ यांचा उल्लेख करते आणि लगेच, गहू नसेल तर साळीचे म्हणजे तांदळाचे पीठ आणि साखर नसेल तर गूळ घ्यावा, अशी मुभा देते. दरवर्षी पोथी ऐकणाऱ्यांपैकी किती जणांचे या सवलतीकडे लक्ष जाते, हा भाग निराळा. आक्षेप घेता येईल तो असा की ही सवलत गहू मिळत नसेल तेव्हाची आहे. वाण्याकडे पोतीच्या पोती रवा असताना ती लागू होत नाही. परंतु जे द्रव्य ज्याला वापरताच येत नाही ते त्याच्यापुरते नसल्यासारखेच असते, ही समजूत धर्मशास्त्राला परकी नाही. तिचा पाया मीमांसेत शोधता येतो.

वैदिक कर्मकांडाचा अर्थ लावण्याचे नियम सांगणारे दर्शन म्हणजे पूर्वमीमांसा. तिच्या जैमिनिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात प्रतिनिधिद्रव्याची, म्हणजे विहित द्रव्याऐवजी घ्यावयाच्या पर्यायी द्रव्याची, सविस्तर चर्चा आहे. यज्ञासाठी सांगितलेली साळ मिळाली नाही किंवा नष्ट झाली, तर नीवार, म्हणजे आपोआप उगवणारे देवभात, चालते, कारण ते साळीला सर्वांत जवळचे आहे; सोमवल्लीच्या अभावी पूतिका नावाची वनस्पती घ्यावी, असे तर श्रुतीच सांगते. नित्यकर्म यथाशक्ती का होईना, पार पाडले पाहिजे, ही त्यामागची भूमिका आहे. मात्र सर्वच गोष्टींना पर्याय नसतो. देवतेच्या जागी दुसरी देवता चालत नाही, मंत्राच्या जागी दुसरा मंत्र चालत नाही आणि ज्याच्यासाठी कर्म चालले आहे त्या यजमानाच्या जागीही दुसरा माणूस उभा करता येत नाही. प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने ही विभागणी निर्णायक आहे. धान्य बदलता येते. ज्याला फळ भोगायचे आहे तो बदलता येत नाही. प्रसादग्रहण ही क्रिया ज्याच्या देहात घडणार त्याचे आतडे हे या विधीचे असे अंग आहे की त्याला प्रतिनिधी नाही, आणि म्हणून तडजोड व्हायची तर ती धान्याच्या बाजूने व्हावी लागते. याच चर्चेत उडीद, वरक आणि कोद्रू ही धान्ये यज्ञाला अयोग्य म्हणून पर्यायातूनही वगळली आहेत. ती सीलिॲक रुग्णाला खुशाल चालतात. देहाला योग्य आणि कर्माला योग्य या दोन याद्या वेगळ्या आहेत, हे मीमांसकांना नेमके ठाऊक होते.

खाणारा हा अन्नविचाराचा स्वतंत्र घटक आहे, हे आयुर्वेदाने अधिक उघडपणे मांडले. चरकसंहितेच्या विमानस्थानात आहाराचा परिणाम ठरवणारे आठ घटक सांगितले आहेत : द्रव्याचा स्वभाव, त्यावरील संस्कार, मिश्रण, मात्रा, देश, काल, सेवनाचे नियम आणि शेवटी उपयोक्ता, म्हणजे खाणारा. सवयीने अंगी रुळणारे जे सात्म्य, ते या शेवटच्या घटकावर अवलंबून असते. याच संहितेत गव्हाची भरघोस स्तुती आहे. तो बृंहण, म्हणजे पुष्टी देणारा, आणि स्थैर्यकर मानला आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या म्हणजे गहू ‘वाईट’ ठरवण्याची गरज उरत नाही. अलीकडे ग्लूटेनला सर्वांचाच शत्रू ठरवणारा जो सूर ऐकू येतो, तो रुग्णाच्या हिताचाही नाही, कारण त्यामुळे खरा व्याधिग्रस्त हौशी पथ्य करणाऱ्यांच्या गर्दीत दिसेनासा होतो. तैत्तिरीय उपनिषदाने अन्नाची निंदा न करणे हे व्रत म्हणून सांगितले आहे. गहू टाळूनही ते पाळता येते.

याउलट द्रव्यालाच विधीचे सार मानणारी परंपरा पाहायची असेल तर ती गोव्यातील चर्चमध्ये सहज सापडते. कॅथलिक मिस्सेतील पाव केवळ गव्हाचा असावा, असे चर्चच्या कायद्यातील 924 वे कलम सांगते. कार्डिनल जोसेफ रॅट्झिंगर, जे पुढे पोप सोळावे बेनेडिक्ट झाले, यांनी 2003 मधील पत्रात ग्लूटेन पूर्णपणे काढून टाकलेली ओस्ती, म्हणजे मिस्सेतील पाव, संस्कारासाठी अवैध ठरवली, मात्र पाव होण्यापुरते ग्लूटेन शिल्लक असलेली, अल्प ग्लूटेनची ओस्ती वैध मानली. 2017 मध्ये व्हॅटिकनने तीच भूमिका पुन्हा मांडली. यामागे हट्ट नसून एक सुसंगत तत्त्व आहे : येशूने शेवटच्या भोजनात जे घेतले तेच घेतले पाहिजे, अनुयायांना ते बदलण्याचा अधिकार नाही. तांदळाची भाकर तेथे प्रतिनिधी होऊ शकत नाही. तरीही रुग्णाला बाहेर ठेवलेले नाही, कारण केवळ द्राक्षारसाच्या रूपाने घेतलेला प्रसादही संपूर्ण मानला जातो. मीमांसेने द्रव्य लवचिक ठेवले. चर्चने द्रव्य अढळ ठेवून ग्रहणाचा दुसरा मार्ग खुला केला. निष्ठेने जगणाऱ्या सीलिॲक रुग्णाला दोन्हीकडे वाट आहे, पण पहिल्या वाटेवर त्याला इतरांहून वेगळे काही घ्यावे लागतेच असे नाही.

शुद्धीचा प्रश्न याहून नाजूक आहे. छांदोग्य उपनिषदात आहाराच्या शुद्धीचा अंतःकरणाच्या शुद्धीशी संबंध जोडला आहे. शंकराचार्यांनी तेथे आहाराचा अर्थ इंद्रियांनी आत घेतलेले विषय असा व्यापक केला, तर रामानुजाचार्यांच्या परंपरेने तो खाण्याच्या अन्नापुरता घेऊन अन्नाला लागणारे तीन दोष सांगितले : अन्नाच्या जातीचा, म्हणजे त्या वस्तूच्या स्वभावाचा, दोष, आश्रयाचा, म्हणजे ज्याच्याकडून ते आले त्याचा, दोष, आणि निमित्ताचा, म्हणजे केस, उष्टे वगैरेंच्या संसर्गाचा, दोष. सीलिॲक रुग्णाच्या स्वयंपाकघराचे नियम या मांडणीशी ताडून पाहिले तर चकित व्हायला होते. गहू हा त्याच्यापुरता जातिदोष आहे. पोळीच्या तव्यावर टाकलेले घावन, कणकेचा हात लागलेला मिठाचा डबा, शिऱ्याचा डाव बुडवलेले दूध, हे सारे निमित्तदोष आहेत. वेगळा तवा, वेगळी चाळणी, वेगळे पोळपाट-लाटणे आणि आधी त्याचे, मग इतरांचे असा क्रम, हे जुन्या घरातील सोवळ्याच्या स्वयंपाकासारखे दिसते.

साम्य मात्र येथेच संपते, आणि ते संपते कुठे हे नीट पाहिले पाहिजे. आश्रयदोषाला या नव्या सोवळ्यात जागाच नाही. पीठ कोणी दळले, भात कोणी शिजवला, ताट कोणी वाढले, याला ग्लूटेनच्या हिशेबात शून्य किंमत आहे. आणि सोवळ्याने शतकानुशतके जी इजा केली ती मुख्यतः या मधल्या दोषाच्या आधारे केली. शिवाय सीलिॲकमध्ये निव्वळ स्पर्शाने आतडे बिघडत नाही. गव्हाने ओटी भरून घेतलेल्या रुग्ण स्त्रीला अपाय होत नाही, हात धुऊन जेवायला बसले की झाले. सोवळ्यात एक माणूस दुसऱ्यापासून स्वतःला जपत असे आणि त्या जपण्यात दुसऱ्याचा अवमान होता. येथे सारे घर एका माणसाला जपते. म्हणून ‘हे तर नवे सोवळेच’ हा सहज निघणारा उद्गार दोन्ही बाजूंनी चुकतो : तो जुन्या प्रथेला विज्ञानाचे उसने बळ देतो आणि रुग्णाच्या गरजेला फाजील कर्मठपणाचा वास लावतो.

निमित्तदोष किती बारीक असतो याची कल्पना पिठाच्या गिरणीत येते. गव्हाचे दळण उतरल्यावर जात्याच्या दगडांत आणि कापडी नळीत पीठ अडकून राहते आणि पुढची ज्वारी ते बरोबर घेऊन खाली येते. उपासाचे पीठ वेगळ्या चक्कीवर दळून देण्याची पद्धत अनेक गिरण्यांत आहे. तीच चक्की रुग्णाच्या उपयोगी पडू शकते, मात्र तिच्यावर गहू कधीच पडत नाही याची खात्री करून घ्यावी लागते. दुसरी जागा हिंगाची. बाजारातील बांधणी हिंगात पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो आणि चिमूटभर हिंग फोडणीत पडला की निर्दोष कांदेपोहेही सदोष होतात.

उपवासाचा मार्ग सर्वांत सोपा वाटतो. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, रताळे यांत स्वभावतः ग्लूटेन नाही, त्यामुळे रुग्णाने रोजच एकादशी धरावी असे कोणी गमतीने सुचवतो. पण व्रताला संकल्प लागतो आणि पारणेही लागते; ज्या पथ्याचे पारणे कधीच फिटणार नाही त्याला व्रत म्हणणे रुग्णाच्या माथी सक्तीचे पुण्य मारण्यासारखे आहे. शास्त्राच्या चौकटीतच पाहायचे तर औषधाचे स्थान अधिक योग्य ठरते, कारण ज्या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही असे धर्मशास्त्र मानते त्यांत पाणी, मुळे, फळे, दूध यांच्याबरोबर औषधही आहे. आणि या व्याधीत तर आहार हेच औषध आहे. पोषणाच्या दृष्टीनेही रोजची उपासाची न्याहारी बरी नव्हे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट असते, त्याला शेंगदाण्याचे कूट आणि दही तोलून धरतात एवढेच. झिजलेल्या आतड्यामुळे लोह आणि कॅल्शियम आधीच कमी पडलेल्या माणसाला शंभर ग्रॅममागे सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम देणारी नाचणी अधिक लाभाची : तिची ताकातली आंबील, किंवा तिचे घावन. तांदळाची उकड, आंबोळी, मुगाची धिरडी, लोण्याबरोबर ज्वारी-बाजरीची भाकरी, हा साराच जुना नाश्ता त्याच्या हक्काचा आहे. थालीपिठाबाबत मात्र सावध राहावे लागते, कारण भाजणीत बहुधा मूठभर गहू असतोच. उपीट आणि सांजा तर उघडच बाद.

राहता राहिला सव्वा मापाचा शिरा. सर्वांसाठी रव्याचा आणि रुग्णासाठी वाटीभर तांदळाच्या पिठाचा, ही आज समंजस घरांत दिसणारी व्यवस्था सुरक्षित आहे, जर वाटीचा शिरा रव्याचा डबा उघडण्याआधी, वेगळ्या कढईत झाला असेल तर. परंतु प्रसादाचे वैशिष्ट्य सर्वांनी एकच अन्न वाटून घेण्यात आहे आणि कथेतील तुंगध्वजाचा दोषही गोपांच्या पंक्तीपासून वेगळे राहण्याचाच होता. पोथीने नाव घेऊन दिलेला पर्याय हाताशी असताना सगळाच प्रसाद तांदळाच्या पिठाचा केला तर विधीत काही उणे राहते असे दाखवण्याची जबाबदारी, न्यायाने पाहता, रव्याचा आग्रह धरणाऱ्यावर येते. रुग्णाने दरवेळी आपल्या आतड्याचा दाखला द्यावा, असा दंडक पोथीत कुठेही नाही.