रिकाम्या घराचं बिल

शाळेच्या उन्हाळी सुट्टीत तुम्ही सहा आठवडे पुण्याला जाऊन आलात असं धरा. निघताना फ्रीज रिकामा केलात, राउटर काढलात, मेन स्विचही बंद केलात. परत आल्यावर लोणच्याची बरणी बॅगेत फुटली नाही म्हणून हायसं वाटतंय, तोवर विजेचं बिल समोर येतं. वापर शून्य युनिट, रक्कम पंचवीस पौंड. गॅसचे आणखी तेरा.

बंद घराचे पैसे कसले? हा आहे स्टँडिंग चार्ज, म्हणजे जोडणी असल्याबद्दलची रोजची आकारणी. एप्रिल २०२४मध्ये ऑफजेमच्या दरमर्यादेत, डायरेक्ट डेबिटने पैसे भरणाऱ्यांसाठी, विजेचा हा आकार दिवसाला सरासरी ६० पेन्स होता आणि युनिटचा दर साडेचोवीस पेन्स. प्रदेशानुसार आणि दर तिमाहीला हे आकडे हलतात. पण ६० पेन्स धरले तरी वर्षाचे २१९ पौंड होतात, एकही दिवा न लावता.

ही लूट आहे असं म्हणण्याआधी मुंबई-पुण्याच्या सोसायटीतलं लिफ्टचं भांडण आठवा. तळमजल्यावरचे काका दर सर्वसाधारण सभेत उठून विचारतात, मी लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही, तर मी पैसे का द्यायचे? आदर्श उपविधींचं उत्तर स्पष्ट आहे: लिफ्टचा खर्च इमारतीतल्या सगळ्या सभासदांनी सारखा वाटून घ्यायचा, कोणी ती वापरो वा न वापरो. पाण्याचा खर्च मात्र नळांच्या हिशोबाने. म्हणजे उपविधी लिहिणाऱ्यांनी प्रत्येक खर्चाचा वेगळा विचार केला होता. (काकांचं समाधान त्याने कधी झालं नाही, ते सोडा.)

विजेच्या तारा या लिफ्टसारख्या आहेत. तुम्ही पुण्यात असताना तुमच्या बर्मिंगहॅमच्या किंवा स्लाउच्या घरापर्यंतची केबल, वाटेतलं सबस्टेशन, मीटर, सगळं जागेवरच असतं. मध्यरात्री परत येऊन बटण दाबलं की दिवा लागतो, तो त्यामुळे. त्याचे पैसे द्यायला माझी हरकत नाही.

हरकत पुढे सुरू होते. वर्षाला हजार युनिट वापरणारी एकटी आजी घ्या आणि चार हजार युनिट वापरणारं भरलं घर घ्या. एकूण बिल युनिटांनी भागलं तर आजीला एक युनिट साधारण ४६ पेन्सला पडतं, भरल्या घराला ३० पेन्सला. महाराष्ट्रात उलट आहे. स्थिर आकार महावितरणच्या बिलातही असतो, पण तिथे पहिल्या शंभर युनिटांचा दर सगळ्यात कमी आणि पुढच्या टप्प्यात तो दुपटीच्या आसपास जातो. जास्त वापरणाऱ्याने जास्त भाव द्यावा हे तिथे गृहीतच धरलेलं आहे. आपण त्या बिलाला कितीही नावं ठेवली तरी त्यात एक नैतिक भूमिका आहे, आणि इथल्या बिलातही आहे. फक्त ती कोणी मोठ्याने म्हणत नाही.

२०२१च्या अखेरीस हाच रोजचा आकार पंचवीस पेन्सच्या आसपास होता. तो इतका का वाढला? एक कारण तारांच्या खर्चाच्या वाटणीचं. छतावर सौर पॅनेल बसवणारा ग्रिडमधून कमी युनिट घेतो, मग युनिटांवर बसवलेला तारांचा खर्च त्याच्याकडून कमी वसूल होतो आणि उरलेला भार पॅनेल न परवडणाऱ्यांवर पडतो. म्हणून ऑफजेमने त्या खर्चाचा बराचसा भाग २०२२पासून स्थिर आकारात हलवला. हा युक्तिवाद मला पटतो.

दुसरं कारण मात्र गळी उतरत नाही. २०२१मध्ये गॅसचे घाऊक भाव भडकले आणि दोन डझनांहून अधिक पुरवठादार कंपन्या बुडाल्या. त्यांच्या ग्राहकांची वीज तुटली नाही, त्यांची शिल्लकही वाचली, हे चांगलंच झालं. पण तो खर्च सगळ्या देशाच्या बिलांवर चढला. सरकारी लेखापरीक्षकांच्या, म्हणजे नॅशनल ऑडिट ऑफिसच्या, २०२२च्या अहवालानुसार तो २.७ अब्ज पौंड होता, दर घरामागे सुमारे ९४ पौंड. त्याचा मोठा भाग याच रोजच्या ओळीत बसला आणि काही वर्षं वसूल होत राहिला. लिफ्टचा खर्च सारखा वाटणं वेगळं, आणि पळून गेलेल्या बिल्डरची देणी तळमजल्यावरच्या काकांवर आणि पेंटहाउसवाल्यावर सारखी वाटणं वेगळं. असं संकट सगळ्यांनी मिळून सोसायचं असेल तर त्यासाठी कर आहेत, ते निदान मिळकत बघतात.

मग स्टँडिंग चार्ज काढून सगळं युनिटांवर टाकावं का? मलाही आधी तसंच वाटायचं. नोव्हेंबर २०२३मध्ये ऑफजेमने लोकांची मतं मागवली तेव्हा तीस हजारांवर उत्तरं आली आणि अनेकांची मागणी हीच होती. पण कमी वापर म्हणजे गरिबी असं नसतं. घरी ऑक्सिजनचं यंत्र अखंड चालू असलेला रुग्ण, किंवा गॅसची जोडणीच नसलेल्या फ्लॅटमध्ये विजेच्या हीटरवर थंडी काढणारं कुटुंब, यांची युनिटं भरपूर असतात. युनिटाचा दर वाढला तर ते मार खातात. आणि पुण्याला सुट्टीवर गेलेले तुम्ही-आम्ही अलगद सुटतो.

आपले पंचवीस पौंड खरं तर चिडचिडीपलीकडे जात नाहीत. प्रीपेमेंट मीटरवाल्याचं तसं नसतं. कोपऱ्यावरच्या दुकानात आगाऊ पैसे भरायचे तेव्हा त्याच्या घरी गॅस येतो. काही जण उन्हाळ्यात गॅस वापरतच नाहीत, म्हणून मीटरमध्ये पैसेही टाकत नाहीत. रोजचा आकार मात्र आत साचत राहतो. ऑक्टोबरात पहिली थंडी पडली की तो दहा पौंड भरून येतो आणि बघतो तर त्यातले बरेचसे उन्हाळ्याच्या थकबाकीतच गेलेले असतात.