ओठ न मिटता सांगितलेला राम
पन्हाळ्यावर मोरोपंतांच्या नावाचं ग्रंथालय आहे. 1729 साली ते इथेच जन्मले, केशव आणि गणेश पाध्ये या विद्वान बंधूंजवळ शिकले आणि पुढे बारामतीला बाबूजी नाइकांच्या आश्रयाला गेले. त्यांच्या नावावर परंपरेनं 108 रामायणं मोजली जातात. त्यातलं एक निरोष्ठ रामायण. प, फ, ब, भ, म ही ओठ मिटवणारी अक्षरं त्यात वर्ज्य. एकदा स्वतः म्हणून पाहा. लक्ष्मण गेला, भरत गेला, बिभीषण गेला, मारुती गेला. ‘राम’ म्हणतानाही शेवटी ओठ मिटतातच, म्हणून तोही गेला. कवीचं स्वतःचं नावही त्यात बसत नाही.

हे काव्य की कसरत? मोरोपंतांना हा प्रश्न आजही विचारला जातो. पण शैलीचा असा न्याय करण्याची रीत फार जुनी आहे, आणि तिची सुरुवात कवींनीच, कवितेतूनच केली.

इ.स.पू. 35 च्या सुमारास रोममध्ये होरेसनं आपल्या उपहासकाव्यात ल्युसिलिअसला धारेवर धरलं. ल्युसिलिअस आधीच्या शतकातला, उपहासकाव्याचा मूळपुरुष. एका पायावर उभ्या उभ्या तासाभरात दोनशे ओळी सांगायचा, त्याचा ओघ गढूळ, असा होरेसचा आक्षेप. लॅटिनमध्ये ग्रीक शब्द मिसळण्याचं लोक कौतुक करत. होरेसला तेही पटलं नाही. मेणाच्या पाटीवर लिहिणाऱ्या कवीला त्याचा सल्ला साधा होता: लेखणी उलटी धरून पुन्हा पुन्हा पुसत जा. शतकभरानं पर्सिअस या उपहासकवीनं रोख बदलला. गुळगुळीत ओळींना माना डोलावणारे श्रोतेच त्यानं आरोपी केले. पुढे वक्तृत्वाचा शिक्षक क्विंटिलियननं ल्युसिलिअसबद्दलचा होरेसचा निकालच अमान्य केला.

आपल्याकडे हे काम रामदासांनी ओवीत केलं. दासबोधाच्या चौदाव्या दशकात कवित्वाचे ढीठ, पाठ आणि प्रासादिक असे प्रकार येतात. मनात आलं ते बळेच रचलं, ते ढीठ. दुसऱ्यांचे ग्रंथ पाहून तसंच उतरवलं, ते पाठ. म्हणजे होरेस ओळ तपासतो, तर रामदास ती कुठून आली ते विचारतात. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. होरेसचा ल्युसिलिअस रामदासांनी सरळ ढिठांत बसवला असता.

मोरोपंतांनी स्वतः मात्र ‘सन्मणिमाले’त संतांना वंदनच केलं. रामजोशांनी त्यांच्या आर्या कीर्तनात नेल्या, तेव्हा ती संस्कृतप्रचुर मराठी पोथीबाहेर पडून ऐकणाऱ्यांच्या कानांत बसली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत मोरोपंतांची बाजू घेतली. केशवसुतांनंतर मात्र चोखंदळ वाचक पंतांच्या यमकांपासून दूर सरला. रविकिरण मंडळाच्या काळात अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ लिहून समकालीन कवींच्या लकबी त्यांच्याच चालीत उघड्या केल्या. होरेसची रीत मराठीत पुरती उतरली ती तिथे, कारण विडंबन करणाऱ्याला ती शैली आधी आतून यावी लागते.

निरोष्ठ रामायणाला कसरत म्हणणाऱ्यांशी माझं म्हणूनच पटत नाही. ते ढीठ नाही, कारण एका पायावर उभं राहून ते सांगताच येणार नाही. प्रत्येक शब्द ओठांवर पारखून घ्यावा लागतो. ते नुसतं पाठही नाही. मोठ्यानं वाचताना सबंध कथाभर ओठ एका नावासाठी मिटू पाहतात, आणि ते नाव येत नाही.